चिपमधली जादा बटणं

चिप झोपली आणि उठेना.

ईशान, तारा, ही गोष्ट नोएडातल्या माझ्या कंपनीच्या लॅबमधली. फॅक्टरीतून पहिल्या चिप्स आल्या होत्या. काम नसलं की चिप बॅटरी वाचवायला झोपते, सिग्नल मिळाला की उठते. आमची झोपली ती झोपलीच.

डिझाइन कायमचं फॅक्टरीकडे पाठवणं म्हणजे टेपआउट. त्यानंतर खोडरबर चालत नाही. चिप पहिल्यापासून करावी लागली असती, तर कंपनीला टाळं लागलं असतं.

क्लायंट खन्नासाहेब म्हणाले, "मॅडम, रेवतीजी को बुला लें?"

रेवती पुण्याहून आली तेव्हा दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहायची. काम माझ्या हाताखाली शिकली. मग स्वतःची कंपनी काढली. आता तिचे फोटो मासिकांवर, ऑफिस गुरुग्राममध्ये, लिफ्ट काचेची. आमच्या लिफ्टचं दार हातानं ओढावं लागे.

"बिल्कुल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दोष सापडावा, पण तिला सापडू नये, एवढीच माझी इच्छा. तिनं तो जेवणाच्या आत शोधला. उठवणारा सिग्नल उलटा जोडला गेला होता. 'ऊठ' म्हटलं की चिपला 'झोप' ऐकू यायचं. टाळ्या वाजल्या. माझ्याच टीमनं वाजवल्या!

"सॉरी मॅडम," रेवती म्हणाली, "आता अख्खी चिप पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार."

"का? स्पेअर सेल्स आहेत की."

स्पेअर सेल्स म्हणजे शर्टाच्या आत शिवलेली जादा बटणं. प्रत्येक टेपआउटआधी मी चिपभर असे रिकामे भाग पेरायला लावायची. त्यांत सिग्नल उलटवणारेही असत. फॅक्टरीनं वरच्या तारांची जोडणी तेवढी बदलायची, खालचं सगळं तसंच, त्यामुळे खर्चही थोडा.

"अजून टाकता? मी तर बंद केले. जागा किती खातात यार!"

"खाऊ देत. आज खाल्ल्या मिठाला जागतील."

नव्या जोडणीच्या चिप्स आल्या. झोपल्या, उठल्या. कंपनी वाचली. खन्नासाहेबांनी मोठा बुके पाठवला. रेवतीला.

"गलती तो उन्होंने पकड़ी ना, मॅडम," ते मला म्हणाले.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. आवाज उतरलेला. "मॅडम, आमची चिप अडकलीय. पुढच्या वेळी स्पेअर सेल्स टाकेन म्हणते. कुठे, किती, सांगाल?"

"मीटिंगमध्ये आहे. उद्या कर."

मीटिंग नव्हती. मी संत्रं सोलत होते. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं नीट सांगितलं.

मुलांनो, जादा बटणं शिवत जा. फक्त त्यांचा फोटो कुणी काढत नाही, हे आधीच धरून चाला.