डाव्या बाजूची बटणे

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी फक्त पुरुषांचे शर्ट शिवले. अर्धांगवायूच्या झटक्यात उजवा हात गेला, जीभ जड झाली. नजर मात्र शाबूत राहिली. पंचाईत तीच. हनुवटीवरून ओघळणारी लाळ त्यांना दिसे, ती पुसायला गळ्यात घातलेला पंचा दिसे, आणि सर्वांत किळसवाणी म्हणजे मेहुण्याने हौसेने आणलेल्या शर्टावरची वेल्क्रोची पट्टी.

"दाबलं की लागलं, ओढलं की निघालं!" मेहुणा बहिऱ्याशी बोलावे तसा ओरडला. "बटणांची कटकटच नको, भावोजी."

मास्तरांनी पट्टी ओढली. चर्रर्र! ताटात कुणी थुंकावे तसे त्यांचे तोंड झाले.

"पिशवी," ते कसेबसे म्हणाले. "शर्ट... नाही."

मग आठ महिने ते बनियनवर घरात बसले. शंभर पावलांवरचे दुकान कुलपातच राहिले. त्यांची बायको, आमच्या वहिनी, बटणे लावून द्यायला तयार होत्या, पण शिंप्याने दुसऱ्याकडून बटणे लावून घ्यायची, हे मास्तरांना पटेना. स्वतः लावायला जावे, तर बटणे उजवीकडे, उजव्या हाताच्या सोयीची. डावा हात अडखळे आणि ते घामाघूम होत.

एका सकाळी त्यांनी वहिनींपुढे बटणांचा नवा शर्ट टाकला आणि डाव्या बाजूवर बोट आपटले.

"अहो, ही बायकांची बाजू!"

याच चुकीसाठी त्यांनी एका कारागिराला दुकानातून हाकलले होते. मास्तरांनी डोळे मिटून होकारार्थी मान हलवली. वहिनींनी पट्ट्या फिरवल्या, बटणे डावीकडे आणि काजे उजवीकडे घेतली. काजांचे टाके सैल पडले म्हणून मास्तरांनी दोनदा उसवायला लावले.

रविवारी मी गेलो तेव्हा मेहुणाही आला होता. मास्तर खाटेच्या कडेला बसून बटणे लावत होते. सहा बटणांना चौदा मिनिटे लागली. मध्येच लाळेचा थेंब पट्टीवर पडला. तो त्यांनी स्वतःच पुसला, शेंबूड पुसावा तसा.

"भावोजी, बायकांचा शर्ट की हो!" मेहुणा फिदीफिदी हसला. गळ्याचे सातवे बटण लावायला त्याने हात पुढे केला.

मास्तरांनी तो फटकन उडवला. "हात... धू... आधी."

मेहुणा ओशाळला. मास्तरांनी मान उंच करून सातवे बटण लावले, मांडीवरचा ओला पंचा त्याच्या हातात कोंबला आणि वहिनींकडे बघून तळवा पुढे केला.

"दुकानाची... किल्ली."