अर्ज आधी की तारीख आधी

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात, सोळा तारखेला, बेंबळीच्या सारजाबाई भर उन्हाच्या येडशीला नंदाच्या दुकानात आल्या आणि पिशवीतला जाड लिफाफा त्यांनी टेबलावर आपटला.

"वाच. आमच्या बचत गटाच्या नावानं आलाय. तुझं बी नाव हाय त्यात."

नंदाचं दुकान म्हणजे मोटारीचे स्टार्टर, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करायची एक खोली. तिनं हात पुसले आणि लिफाफा फोडला. सात पानी इंग्रजी नोटीस. दिल्लीकडच्या एका कंपनीच्या वकिलाची. साध्या मोबाइलवरून, इंटरनेट नसताना, मिस कॉल देऊन पैसे चुकते करण्याच्या पद्धतीचं पेटंट आमच्याकडं आहे. बेंबळीच्या पाणी केंद्रावर हीच पद्धत विनापरवाना चालते. तिथलं यंत्र नंदा प्रसेनजित गायसमुद्रे, राहणार येडशी, यांनी बनवलेलं आहे. ते बंद करा, नाहीतर दोघींवर दावा लावू.

नंदानं ती पानं दोनदा वाचली.

"मावशी, ही तर आपली तोटी हाय."

"मंग मी तरी काय म्हणतीय?"

ही तोटी दुष्काळातली. नंदाचे वडील श्रीपती डावरे पंचायत समितीत हातपंप दुरुस्त करायचे. त्यांच्यामागं पाने-पक्कड धरून हिंडलेली ही पोर पुढं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सला गेली. वर्गात मुली तीनच होत्या. दोन हजार तेराला पाण्याचे हाल झाले तेव्हा बेंबळीत बायकांच्या गटानं फिल्टरचं केंद्र टाकलं. पण बायका पहाटेच शेतात जाणार आणि केंद्र उघडणार नऊला. नंदानं एक जुना मोबाइल तोटीच्या व्हॉल्व्हला जोडला. गटाकडं आगाऊ पैसे भरायचे आणि तोटीच्या नंबरावर मिस कॉल द्यायचा, की वीस लिटर पाणी सुटायचं. पंधरा दिवसांत सारजाबाईंची तक्रार आली, "फोन घरात पडलेला असतुया, कुणीबी उचलून मिस कॉल देतंय." मग नंदानं त्यात भर घातली. मिस कॉलनंतर फोनवर चार आकडे यायचे, ते तोटीजवळच्या बटणांवर दाबले तरच पाणी. हे यंत्र पुढं चार गावांत बसलं.

जानेवारी दोन हजार चौदामध्ये जिल्ह्याच्या गावी एका कॉलेजात विज्ञान मेळावा झाला. तिथं नंदानं तोटी मांडली, आणि मेळाव्याच्या स्मरणिकेत आकृतीसह तिचा दोन पानी लेखही आला. कंपनीचा पेटंटचा अर्ज होता अकरा फेब्रुवारी दोन हजार चौदाचा. म्हणजे लेखानंतरचा, पण जेमतेम काही दिवसांनी.

नंदाचे यजमान प्रसेनजित जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहेत. नोटीस वाचून त्यांचा चेहरा उतरला.

"आपण त्यांना लिहून देऊ की यंत्र बंद केलं म्हणून. एवढ्या मोठ्या कंपनीपुढं आपला काय टिकाव लागणार?"

"आणि सारजामावशीचं केंद्र? तिथं आता पहाटे कोण बसणार? दोन गावांनी तर दुपारी फोनवर ऐकूनच यंत्राची पेटी काढून पण ठेवली, निस्त्या भीतीनं."

गुरुजींनी नोटीस घडी घालून लिफाफ्यात ठेवली. पण संध्याकाळी त्यांनीच आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. सोमेश पुण्यात पेटंटचीच कामं करतो. त्यानं पेटंटचा नंबर घेतला आणि तासाभरानं उलट फोन केला.

"ताई, मंजूर पेटंटवर हरकत घेता येते. कोर्टात जायला लागत नाही, पेटंट कार्यालयातच. पण मंजुरी जाहीर झाल्यापासून एका वर्षाच्या आत. ही जाहीर झालीय मागच्या तीन जूनला."

नंदानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. अठरा दिवस.

"आणि एक. 'आम्ही आधी केलं होतं' एवढं बोलून भागत नाही. तुमची पद्धत त्यांच्या अर्जाआधी लोकांपुढं छापून आली होती, हे कागदानं दाखवावं लागेल. प्रतिज्ञापत्रासकट. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर पाहिजे, तेही खरं असल्याचं लिहून दिलेलं."

स्मरणिका घरात होती. पण लेखावर नाव होतं 'कु. नंदा श्रीपती डावरे', आणि हरकत घेणार होती नंदा प्रसेनजित गायसमुद्रे. दोघी एकच, हे सिद्ध करायला लग्नाचा दाखला हवा. लग्न झालं होतं विहारात, दोन हजार पंधराला, आणि नोंदणी करायची राहूनच गेली होती. ग्रामसेवक प्रशिक्षणाला गेलेले. ते आले एकोणतीस मेला. साक्षीदार गोळा केले, दाखला निघाला एकतीसला, आणि सोमेशनं हरकत दाखल केली दोन जूनला.

त्या दिवशी नंदा पहिल्यांदा पोटभर जेवली. काम संपलं असं तिला वाटलं होतं.

कंपनीचं उत्तर पावसाळ्यात आलं. ऐंशी पानं. त्यात दोन मुद्दे टोचणारे होते. पहिला असा की ही बाई पेटंटशी संबंधितच नाही. दुकानादुकानांत स्कॅनरचे कागद चिकटले तेव्हापासून तिनं ही यंत्रं बनवणं सोडलं, मग तिला हरकत घेण्याचा हक्क कुठला? यावर सोमेश हसला. "तुमच्यावर दावा लावू असं त्यांनीच लिहिलंय. तीच नोटीस जोडू. संबंध आणखी कसा असतो?"

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र त्याचं हसू गेलं. स्मरणिकेवर 'जानेवारी २०१४' छापलंय खरं, पण स्मरणिका पुष्कळदा कार्यक्रम होऊन गेल्यावर छापून येतात. अकरा फेब्रुवारीच्या आत ती लोकांच्या हाती पडली होती, याला पुरावा काय?

कॉलेजात नोंद सापडली नाही. छापखाना बंद पडून पाच वर्षं झाली होती. उत्तराला पुरावा द्यायला महिन्याची मुदत होती. बावीस दिवस गेल्यावर नंदाला आठवलं की मेळाव्याहून परत येताना तिनं एक प्रत गावातल्या वाचनालयात दिली होती. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल रजिस्टरात तारखेनं चढतं. ती पळतच गेली. पण छत गळत होतं म्हणून सगळी पुस्तकं पोत्यांत भरून ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामात टाकलेली. रजिस्टर कुठल्या पोत्यात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नंदानं आठ दिवस पोती उपसली. महिना संपला. सोमेशनं हाती होतं तेवढ्यावर उत्तर पाठवलं.

"आता नंतर सापडलं तर?" नंदानं विचारलं.

"तर नियंत्रकांची, म्हणजे पेटंट कार्यालयात निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांची, परवानगी मागायची. पण सुनावणीची तारीख ठरायच्या आत. तारीख ठरली की परवानगीसुद्धा मागता येत नाही."

पुढं चार महिने दर रविवारी नंदा त्या गोदामात जायची. उंदरांनी कुरतडलेली पोती, गांधीलमाश्या, धूळ. गुरुजी पहिले दोन रविवार दारात उभे राहिले, तिसऱ्या रविवारी नाकाला रुमाल बांधून आत आले. अठरा फेब्रुवारीला त्यांच्याच हाती ते रजिस्टर लागलं. पान उघडून त्यांनी नुसतं नंदापुढं धरलं. नोंद क्रमांक ३१०७. विज्ञान मेळावा स्मरणिका. भेट. २९-१-२०१४. खाली सही व्यंकट स्वामींची, त्या वेळच्या ग्रंथपालांची.

सोमवारी शिवजयंतीची सुट्टी होती. मंगळवारी सकाळी अकराला सोमेशचा फोन आला, आणि त्याचा आवाज वेगळाच होता.

"ताई, हरकत तपासणाऱ्या मंडळाचा अहवाल आलाय. आता सुनावणीची तारीख कधीही पडेल. आजसुद्धा. स्वामींचं प्रतिज्ञापत्र नोटरी करून मला आजच्या आज पाठवा. मसुदा मेल केलाय."

नंदा व्यंकटकाकांच्या घरी पोचली तेव्हा ते ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. रजिस्टर बघताच त्यांचा हात थांबला.

"हे कुठं घावलं?"

तिनं सगळं सांगितलं. काकांनी मान हलवली.

"म्या सही करत न्हाय, पोरी. तुला ठावं न्हाय. पुस्तकं गहाळ झाली म्हणून माझी चौकशी लागलती. सहा महिने घरी बसवलं मला. हेच रजिस्टर घावत न्हाय म्हणून. आता माझ्याच सहीनं ते सरकारदरबारी जायचं? परत उकरतील सगळं."

"काका, यात तुमची चूक काय दिसती का?"

"दिसायला काय लागतंय? मला बोलावतील का त्ये सांग. प्रश्न इचारतील?"

नंदाला खोटं बोलता आलं असतं. घड्याळात पावणेबारा झाले होते.

"बोलावू शकतात, काका. न्हाय म्हणून सांगत न्हाय म्या."

काकांनी ते पान पुढं ओढलं. बोटानं त्यांनी वरच्या ओळी मोजल्या, खालच्या मोजल्या. एकही ओळ चुकलेली नव्हती. मग आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाले, "माझा धुतलेला सदरा दे गं." आणि नंदाला म्हणाले, "रजिस्टर हरवलं न्हवतं, हे तरी लोकांना कळल."

धाराशिवला पोचायला दीड वाजला. नोटरी वकील जेवायला गेलेले, अडीचला आले. त्यांनी आधार कार्ड बघितलं, रजिस्टरची सही बघितली आणि चष्मा काढला.

"इथं व्यंकटराव आहे, तिथं व्यंकट. कसं करायचं?"

नंदा घड्याळाकडं बघायला लागली. काका मात्र पुढं झाले. "वकीलसाहेब, नोकरीत असताना राव कोण म्हणतंय? पेन द्या, तुमच्यापुढं सही करतो." त्यांनी कोऱ्या कागदावर तीनदा सही केली. तिन्ही रजिस्टरातल्यासारख्या. वकिलांनी मसुद्यात 'व्यंकटराव उर्फ व्यंकट' असं घालायला लावलं. परत टाइप, परत छपाई, मग शिक्का. कॉम्प्युटरच्या दुकानात स्कॅन होऊन कागद पुण्याला गेले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. भाषांतर सोमेशनं करूनच ठेवलं होतं. परवानगीचा अर्ज दाखल झाल्याची पोच आली, वेळ चार बावन्न.

सहा वीसला दुसरा मेल आला. सुनावणी एकवीस मार्चला. पत्रावर तारीख होती वीस फेब्रुवारी, त्याच दिवसाची.

"तारीख तीच पडली," सोमेश फोनवर म्हणाला. "आता ते म्हणणार, सुनावणी आधी ठरली, अर्ज नंतर आला."

आणि तसंच झालं. सुनावणी व्हिडिओवर होती. नंदा गुरुजींच्या शाळेत, मुख्याध्यापकांच्या खोलीत बसली होती, कारण घरी रेंज दगा देते. कंपनीचे वकील शांत आवाजात बोलत होते. परवानगी तारीख ठरण्याआधी मागायला हवी. तारीख वीसला ठरली. अर्जही वीसचाच. आधी मागितली हे दाखवण्याची जबाबदारी बाईंची आहे, आमची नव्हे. सोमेशनं चार बावन्नची पोच दाखवली, सहा वीसचा मेल दाखवला.

"मेल पाठवल्याची वेळ वेगळी आणि ठरवल्याची वेगळी," वकील म्हणाले. "पत्र सकाळीही तयार झालेलं असू शकतं."

पडद्यावरच्या नियंत्रकांनी वर बघितलं. "पत्र कधी तयार झालं ते कार्यालयाच्या नोंदीवरून कळेल. थांबा."

पडदा तसाच राहिला. अकरा वर्षं चाललेली तोटी, चार गावं, काकांची सही, सगळं आता कुठल्यातरी नोंदीतल्या वेळेवर येऊन अडकलं होतं. पत्र दुपारी तीनला तयार झालेलं निघालं असतं तर रजिस्टर कुणी वाचलंच नसतं.

"सतरा चौतीस," नियंत्रक म्हणाले. "अर्ज आधीचा आहे. पुरावा घेतो. पण कंपनीला उत्तराला वेळ द्यावा लागेल."

गुरुजींनी खोलीच्या दारातून विचारलं, "झालं का?"

"न्हाय," नंदा म्हणाली. "वाचणार म्हणाले. आता कुठं वाचणार."

कंपनीनं मग शेवटचं खुसपट काढलं. नोंद मागाहून घुसवलेली असेल. पण ३१०६ आणि ३१०८ या नोंदी तशाच सलग तारखांच्या होत्या, आणि पानाच्या तळाशी त्याच वर्षीच्या मार्चमधल्या ग्रंथालय तपासणीचा शिक्का होता. एप्रिलमध्ये दुसरी सुनावणी झाली. व्यंकटकाकांना कुणीच बोलावलं नाही. त्या दिवशी मात्र ते नवा सदरा घालून शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसले होते.

निकाल ऑगस्टमध्ये आला. मिस कॉल आणि परत येणाऱ्या आकड्यांवरचे हक्क रद्द झाले. ही रीत अर्जाच्या आधीच छापून लोकांत आली होती, असं नियंत्रकांनी लिहिलं. त्याच पेटंटात बँकेच्या ॲपला जोडायची जी वेगळी पद्धत होती, तेवढ्यापुरतं पेटंट कंपनीकडं राहिलं. तीन महिन्यांत वर दाद मागता आली असती. कंपनीनं ती मागितली नाही, आणि बचत गटाला नोटीस मागं घेतल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. ज्या दोन गावांनी पेट्या काढल्या होत्या, त्यांनी त्या परत बसवल्या नाहीत.

पत्र आलं त्या दिवशी प्रसेनजित गुरुजींनी चहा पिताना विचारलं, "मग आता या तोटीचं पेटंट तू घ्यायचं की. तुझीच आहे, हे आता सरकारनंच लिहून दिलंय."

"आता न्हाय मिळत," नंदा म्हणाली. "सोमेशला इचारलं म्या. एकदा छापून सगळ्यांपुढं आलं की मग कुणालाच न्हाय मिळत. मला बी न्हाय."

"म्हणजे एवढं करून..."

"तोटी माझी एकटीची कुठं हाय? ते चार आकडे तर सारजामावशीच्या तक्रारीवरनं सुचले हुते," ती म्हणाली. तामलवाडीहून एका मोटारीचा स्टार्टर आला होता, कॉइल जळालेली. तिनं कप बाजूला ठेवला आणि स्क्रू काढायला घेतले.