गुबगुबीत अक्षरांमधली जागा

माझ्या धाकट्या वन्सं वाईट नाहीत. फक्त थोरल्यांचं कौतुक झालं की त्यांचं डोकं दुखतं, आणि थोरल्यांचं कौतुक रोज होतं.

पाट्या बनवायचा कारखाना आमचा घरचा. अक्षरं थोरल्या वन्सं काढतात. जाडजूड, गोलमटोल, कुठे म्हणून टोक नाही. शिरोरेषासुद्धा सलग नाही, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर त्याची त्याची टोपी. खेळण्यांचं दुकान असो की लहान मुलांचा दवाखाना, गिऱ्हाईक आलं की विचारतं, "मोठ्या ताई आहेत का?" धाकट्या त्याच टेबलाशी बसलेल्या असतात. दोन अक्षरांमध्ये किती जागा सोडायची, ते ठरवणं हे त्यांचं काम. जागा नीट पडली तर कुणाला दिसतच नाही, मग कौतुक कोण करणार?

"ती अक्षरं काढते, मी रिकामी जागा काढते," त्या फणकाऱ्यानं म्हणायच्या. "रिकाम्याला कोण विचारतंय, वहिनी?"

यंदा एका पाळणाघराची पाटी आली. मालकीणबाईंनी थोरल्यांच्या कागदावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अहो, गालगुच्चा घ्यावासा वाटतो या अक्षरांचा!"

झालं. धाकट्यांच्या नाकाचा शेंडा लाल. त्या तरातरा कॉम्प्युटरपाशी गेल्या आणि अक्षरं एकमेकांवर ढकलायला लागल्या.

"अहो, चिकटतील ती," मी म्हटलं.

"चिकटू देत! कळू दे सगळ्यांना, माझ्या जागेशिवाय तिची जाडी अक्षरं कशी दिसतात ते."

बहिणीबहिणींच्या भांडणात वहिनीनं पडू नये, एवढी अक्कल मला आहे. शिवाय खरं सांगू? मलाही बघायचंच होतं.

पाटी पाळणाघराच्या दारावर चढली, तेव्हा आम्ही तिघी तिथे होतो. अक्षरं एकमेकांना ढुशा देतायत, एकाची टोपी दुसऱ्याच्या कानाला. मालकीणबाई पोट धरून हसल्या. "माझी पोरं चटईवर अश्शीच बसतात! सरक म्हटलं की आणखी चिकटतात. मोठ्या ताई, कमाल केलीत!"

"माझी नाही हो," थोरल्या म्हणाल्या. "मी दिली तेव्हा अक्षरं शहाण्यासारखी सुटी सुटी उभी होती. ही कमाल धाकटीची."

सगळ्यांच्या माना धाकट्यांकडे वळल्या. त्यांना हसायचंही सुचेना.

परतताना गाडीत थोरल्या धाकट्यांकडे वळल्या. म्हणाल्या, "खरं सांगते गं, आज मी तुझ्यावर जळले. मला हे कधीच सुचलं नसतं."

हे ऐकायला धाकट्यांनी उभा जन्म काढला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"मी काही मुद्दाम नाही केलं," त्या पुटपुटल्या.

"म्हणून तर जळले," थोरल्या म्हणाल्या.

त्या दिवशी कौतुक धाकट्या वन्संचं झालं, आणि डोकंही त्यांचंच कधी नव्हे इतकं दुखलं.