मधुराची लिस्ट आणि माझे सोमवार

ऑफिस सोडताना मी ड्रॉवर रिकामा केला. कॉफीचा मग, डबा, स्टेपलर सगळं एका पिशवीत मावलं. किस्से मात्र कुठे कोंबायचे तेच कळेना, इतके साठले होते! आणि खरं सांगते, त्यातले निम्मे माझ्या जळकेपणाचे आहेत.

गुडगावात तेव्हा काचेच्या बिल्डिंगा नुकत्या कुठे उभ्या राहत होत्या. मी आणि मधुरा एकाच ऑफिसात, दिल्लीच्या द्वारकेत एकाच सोसायटीत, आणि रोज जायचो तिच्याच गाडीतून. मी पुण्याची, ती नाशिकची. दिवाळीनंतर दोन वर्षांचा एक मोठा प्रोजेक्ट येणार होता आणि त्याची लीड आम्हा दोघींपैकीच एक होणार, हे प्यूनपासून सगळ्यांना माहीत होतं. मला व्हायचं होतं लीड. अगदी जीव टाकून व्हायचं होतं!

*

त्याच वर्षी कंपनीने कामांच्या यादीचं सॉफ्टवेअर आणलं. आम्ही त्याला नुसतं 'लिस्ट' म्हणायचो. काम लिहायचं, तारीख टाकायची, झालं की टिक. राहिलं तर ओळ लाल. शिवाय एकाला दुसऱ्याच्या नावावरही काम टाकता यायचं. आमचे बॉस चड्ढा सर तर हुरळूनच गेले. "लिस्ट में है तो होगा, नहीं है तो भूल जाओ!"

मधुराने चालू प्रोजेक्टचे ऐंशी छोटे टास्क पाडले. मी एकच ओळ लिहिली, 'प्रोजेक्ट पूर्ण करणे', आणि तारीख टाकली शुक्रवारची. सोमवारी ती लालभडक!

चड्ढा सरांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "वसुधा जी, पूरा प्रोजेक्ट कब तक हो जाएगा? लंच तक?"

*

मग मी शहाणी झाले. आधी काम करायचं, मग ते लिस्टमध्ये टाकायचं आणि लगेच टिक! 'कॉम्प्युटर चालू करणे', टिक. 'मेल बघणे', टिक. 'चहा', टिक. 'चहा दुसरा', टिक. दुपारपर्यंत मी मधुराच्या पुढे गेले. काय आनंद झाला म्हणून सांगू!

चड्ढा सर माझ्या स्क्रीनवर वाकले. "वाह! चाय में तो आप सबसे आगे हैं!"

मधुरा हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

*

एकदा सकाळीच सर्व्हर बसला. लिस्ट उघडेना, आणि आज काय करायचं हे आख्ख्या ऑफिसात कोणाला आठवेना. मी मनातून खूश. म्हटलं, आता बघू बाईसाहेब काय करतात!

बाईसाहेबांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. आदल्या दिवशीच प्रिंट घेऊन ठेवली होती. वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'सर्व्हर बसल्यास करायची कामं.'

*

घरीही सुटका नाही. माझा नवरा प्रकाश म्हणाला, "मधुराकडे बघ, सिलेंडर संपायच्या आधी नंबर लागलेला असतो."

"मग जा ना तिच्याकडेच पोळ्या खायला!"

पण रात्रभर डोक्यात तेच. सकाळी उठून फ्रिजवर घरातल्या प्रत्येकाची लिस्ट चिकटवली. दुसऱ्या दिवशी आमची सात वर्षांची रेवा दात न घासताच स्कूलबसमध्ये चढायला निघाली. मी ओरडले.

"आई, ब्रश तो लिस्ट में था ही नहीं!"

*

एवढं असूनही मला मधुराशी धड वैर धरता येत नव्हतं. कारण दर सोमवारी गाडीत बसलं की ती काहीतरी गोड बोलायची. "परवाचं तुझं प्रेझेंटेशन मस्त झालं गं." "हा रंग तुला काय खुलतो!" की मी विरघळले! मंगळवारपर्यंत टिकायचं ते. बुधवारपासून पुन्हा जळफळाट.

मग ती भावाच्या लग्नाला नाशिकला गेली. तिथून फोन आला, "वसुधा, पासवर्ड सांगते, माझ्या लिस्टमध्ये कोटेशनचा टास्क आहे, तेवढा बघशील?"

बघितला. त्याच्याच खाली, इंग्रजी अक्षरांत पण चक्क मराठीत, लिहिलेलं होतं: 'दर सोमवारी: वसुधाला काहीतरी चांगलं बोलणे.'

सहा महिन्यांचे टिक. एक सोमवार चुकला नव्हता!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तो रंग मला खुलतच नव्हता? आणि प्रेझेंटेशन? रडूच आलं मला, खोटं कशाला सांगू. डोळे पुसले आणि त्या टास्कचं हिंदी केलं, 'सोमवार की मीटिंग: वसुधा के काम की तारीफ़ करना', आणि तो टाकून दिला चड्ढा सरांच्या नावावर. पाठवणारी: मधुरा.

*

मधुराकडून आलेला टास्क म्हणजे चड्ढा सरांना हुकूमच. सोमवारी मीटिंगमध्ये त्यांनी लॅपटॉपमध्ये बघितलं, घसा साफ केला. "वसुधा जी का काम... बहुत अच्छा है." आणि सगळ्यांसमोर टिक केलं!

मधुरा त्या दिवशी नाशिकहून परतलेली. तिने एकदा लॅपटॉपकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

चार सोमवार सर वाचून बोलले. पाचव्या सोमवारी लॅपटॉप बंदच होता. "वसुधा का काम? मैं तो शुरू से कह रहा हूँ!"

दिवाळीनंतर लीड जाहीर झाली. मी! सगळ्यात आधी टाळ्या मधुराने वाजवल्या.

पुढच्या सोमवारी माझ्या लिस्टमध्ये एक नवी ओळ आली. पाठवणारी: मधुरा. 'दर सोमवारी: मधुराला काहीतरी चांगलं बोलणे. मुदत: आज.'

दिवसभर ती ओळ टिक न होता तशीच राहिली. संध्याकाळी घरी जाताना आम्ही दिल्लीच्या वेशीवर, कापसहेडा बॉर्डरच्या जाममध्ये अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, गाडीत आम्ही दोघीच.

"मधुरा," मी शेवटी म्हटलं, "लीड खरं तर तू व्हायला हवी होतीस गं."

पुढचा ट्रक हलला. तिने गिअर टाकला.

"टिक कर," ती म्हणाली.