परक्या माणसाची बाटली

माझ्या नवऱ्याच्या साखरेचा आकडा साडेचारशे आला आणि सिस्टर इन्सुलिन भरू लागल्या, तेव्हा तो घामाने भिजून थरथरत होता. तेवढ्यात लॅबमधून दुरुस्तीच्या कंपनीचा माणूस धावत आला. "थांबा, मशीन जास्त दाखवतंय."

सिस्टरांनी बोटातून पुन्हा तपासलं. साखर वाढली नव्हती, पार उतरली होती. सिस्टरांनी सुई ठेवली आणि त्याला साखरपाणी पाजलं.

त्या लॅबची झाडलोट मी करते. हा बाहेरचा माणूस मला कधी आवडला नाही. दर महिन्याला यायचा, चहा घ्यायचा नाही, आणि आधी आपल्या बाटलीतलं मोजून साखर घातलेलं पाणी मशीनला द्यायचा. आकडा जुळला तरच पुढचं काम. त्या दिवशी तो जुळला नव्हता. लॅबमधले आमचे सदाभाऊ त्याला हसायचे. "वीस वर्षं मशीन सांभाळतोय. एक थाप मारली की सरळ चालतं."

घरच्या माणसाची मशीनवर माया जडते, मग तो तपासत नाही. परक्याला मशीनही परकंच.

"आणि तुझी बाटलीच खोटी निघाली तर?" मी नंतर विचारलं.

"म्हणून दोन आणतो, मावशी."

आता दर महिन्याला मी दोन्ही बाटल्यांची सीलं बघते. माझा नवरा त्या दिवशी जगला, एवढं मात्र खरं.