आत्यानं वस्ती हलवली

खाणीच्या भटारखान्यात तिला सगळे आत्याच म्हणत. वस्तीचे प्रमुख दादा, त्यांची ती धाकटी बहीण. दादांची मुलं आत्या म्हणायची, मग सगळी वस्ती म्हणू लागली आणि शेवटी कंपनीचे साहेबलोकही. भटारखाना वस्तीच्या मालकीचा होता. डोंगर पिढ्यान्‌पिढ्या वस्तीचा, म्हणून कंपनीनं करार केला आणि त्याला भागीदारी म्हटलं. नोकऱ्या वस्तीला, भटारखाना वस्तीला आणि संयुक्त समितीत दादांची खुर्ची मोठ्या साहेबांच्या खुर्चीला लागून. दादा त्या खुर्चीत इतके ताठ बसत, की आत्या विचारायची, "पाठीला फळी बांधून घेतलीस का रे?"

तोंडानं ती फटकळ, पण हात सढळ. पातेलं खरवडून काढेल, पण उपाशी कुणाला पाठवायची नाही.

वस्तीच्या वर, खोऱ्याच्या माथ्याशी गाळाचा बांध होता. खनिज धुऊन उरलेला राखाडी चिखल त्यामागे साठत असे. चिखल वाढला की बांधही वाढवत. वस्तीतून मान वर केली, तर आता आभाळाआधी तोच दिसायचा.

एक दिवस वस्तीशेजारच्या कंपनीच्या घरांमधून सामान हलू लागलं. कुणी विचारलं, तर रंगकाम आहे म्हणून सांगत. मोठ्या साहेबांच्या बायकोनं पडद्यांच्या दांड्यासुद्धा उपटून नेल्या. "रंगकामाला दांड्या कशाला लागतात?" आत्या भांडी घासणाऱ्या बायकांना म्हणाली. बायका हसल्या. मागोमाग दवाखानाही हलला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

बांध तपासणारा इंजिनिअर स्वयंपाकघराच्या दाराशीच जेवायला बसायचा. त्या दुपारी त्यानं ताट तसंच ठेवलं.

"काय रे, मीठ जास्त झालं?"

"आत्या, वरच्या अंगाला तुमचं कुणी आहे का? जाऊन राहा थोडे दिवस."

"बांधाचं काही आहे का?"

"मी काही बोललो नाही," असं म्हणून तो उठला. हातसुद्धा धुतले नाहीत त्यानं.

आत्या तडक दादांकडे गेली. दादा वैतागले. "समितीत विचारलंय मी. बांध ठणठणीत आहे म्हणतात. आणि वस्ती सोडून कसं चालेल? इथे माणूस राहतंय तोवर वस्तीखाली खणायचं नाही, असं करारात आहे. एकदा चुली विझल्या, की संपलं."

"आणि माणसंच विझली तर?"



दुसऱ्या सकाळी आत्यानं पातेली, शेगड्या टेम्पोत घातल्या आणि बांधाहूनही उंचावर, खिंडीजवळच्या रिकाम्या शेडमध्ये चुली मांडल्या. जेवण इथेच मिळेल, असा निरोप धाडला. पोरांना घेऊन बायका आल्या. मग अंथरुणं आली, शेळ्या आल्या. रोज खाली उतरून पुन्हा चढायचा लोकांना कंटाळा आला, ते वरच राहू लागले. वहिनी दादांशी भांडून आल्या. खाली उरले एकटे दादा. हट्टानं स्वतःची चूल पेटवत राहिले.

एकदा वहिनी त्यांना बघायला गेल्या, तर दादा तापानं फणफणलेले, धड ओळखही पटेना. दवाखाना तर हलला होता. वहिनी आणि आत्या, दोघींनी त्यांना खाटेसकट उचलून वर आणलं.

दादा अजून अंथरुणावरच होते, तेव्हा कंपनीनं कळवलं, की वस्तीनं जागा आपण होऊन सोडली आहे. पाठोपाठ यंत्रं आली. पहिलं घर पाडलं ते दादांचं.

इंजिनिअरला बढती मिळाली. तो निरोप घ्यायला आला, तेव्हा आत्यानं त्याला दारातच अडवलं.

"खरं सांग. तुला भीती वाटली म्हणून बोललास, की तुला बोलायला लावलं?"

 तो जीपमध्ये जाऊन बसला.

दादा बरे झाले. आत्यानं वाढलेलं जेवतात, पण तिच्याशी बोलत नाहीत. समितीत त्यांची खुर्ची अजून आहे. लोक तोंडावर आत्याला दोष देत नाहीत, ती आली की नुसते गप्प होतात. बांध जागच्या जागी उभा आहे.

दुपारचं वाढून झालं, की आत्या शेडच्या मागे बांधाकडे बघत बसते. एकदा वहिनी शेजारी येऊन टेकल्या.

"वहिनी, तो फुटावा असं वाटतं मला."

घाम पुसता पुसता वहिनींचा पदर हातातच राहिला. खाली यंत्रांचा आवाज चालला होता. "वन्सं, अहो, खाली आपलीच पोरं खणताहेत."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. तिनं नजर हलवली नाही.