वाया गेलेल्या तीन सलायनी

युनश्यांग काही भोळी नव्हती हो. चीनच्या उत्तरेला थायहांगच्या डोंगरातली आमची गावं, तिथं घास अडकायचा रोग, अन्ननलिकेचा कॅन्सर म्हणतात तो, कुठल्या घरात शिरला नाही ते विचार. आधी वाफवलेला पाव अडकतो, मग शेवया, मग राळ्याची पेजसुद्धा. शेंबडं पोरही सांगेल. आणि आमची रीत अशी, की ज्याला रोग झाला त्याला सोडून अख्ख्या गावाला सांगायचं.

तिच्या नवऱ्याला, बाओथिएनला, झाला तेव्हा तिनंच सगळी लपवाछपवी केली. औषधाच्या बाटल्या गरम पाण्यात बुडवायची, वरचा कागद सोलून काढायची, म्हणायची, "घशाला सूज आलीय, उतरेल." तो बिचारा शेवटच्या आठवड्यातही अक्रोड झोडपायला माणसं सांगून ठेवत होता. जाताना मात्र त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की त्यानंतर तिला चार वर्षं धड झोप नाही. म्हणून त्याच्या थडग्यापुढे रीतीप्रमाणे त्याच्या नावानं कागद जाळताना तिनं मुलाला, च्येनलिनला, शपथ घातली. "मला झाला तर तोंडावर सांगायचं. मी तुझ्या बापाला फसवलं, तू मला फसवायचं नाहीस." पोरानं मातीला कपाळ टेकवलं.

त्या शपथेनंच तिचा घात केला बघ. तिला पाव अडकायला लागला, च्येनलिननं शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं, आणि डॉक्टरच्या खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, "घशाला सूज आलीय, आई. सहा सलायनींत उतरेल." शब्द तिचेच होते, अगदी तेच. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिनं तिथंच पकडलं असतं. पण पोरगा बापाच्या मातीवर बोललेला. तिनं मान डोलावली.

पहिल्या तीन सलायनींनी घास उतरायला लागला. पुढच्या तीन मात्र नुसत्या उलट्या. तोंड आतून सोललं, जिभेला पाणीही झोंबायचं. सहावी संपली त्या दिवशी च्येनलिन गरम पाण्याचा थर्मास भरायला गेला होता, तेवढ्यात एक पोरगी आली. सूरुओ तिचं नाव, दक्षिणेकडची, प्रयोगशाळेत शिकणारी. हातात कागद आणि शाईची डबी.

"आजी, तुमच्या गाठीचा तुकडा आम्ही तपासतोय ना, त्याच्या परवानगीच्या कागदावर आता तुमचाच अंगठा हवा. आधी मुलानं सही केली होती, ती चालत नाही."

"गाठ?" युनश्यांगनं आवाज हलू दिला नाही. "काय शोधता त्यात?"

पोरगी खुलली. "पेशीत लांब लांब धागे असतात, आजी. बाकीचे धागे काही ना काही बनवायला लावतात. हे काहीच बनवत नाहीत. कितीतरी वर्षं लोक त्यांना कचराच समजायचे. पण कुणी काय करायचं हे तेच ठरवतात. तुमच्यात असला एक धागा फार वाढलाय. औषध आत शिरलं की ते बाहेर फेकायला तोच लावत असावा, असं आम्हाला वाटतं."

"म्हणजे माझी सासू! स्वतः पेला उचलायची नाही, पण चुलीवर काय चढायचं ते तिच्या हुकमानं."

सूरुओ खळखळून हसली. "अगदी तश्शी! म्हणून तर तिसऱ्या सलायनीनंतर गाठ पुन्हा वाढताना दिसली, औषध लागू पडेना. डॉक्टर तेव्हाच म्हणाले, थांबवू या..." आणि मग तिला आजीचा चेहरा दिसला. "आजी, तुम्हाला... घरच्यांनी सांगितलंय ना?"

दारात च्येनलिन थर्मास घेऊन उभा होता.

"चौथी कशाला दिलीस मला?" युनश्यांगनं विचारलं.

"आई, मीच डॉक्टरांना म्हणालो, चालू ठेवा. बंद केली असती तर तू विचारलंच असतंस, का बंद केली म्हणून. काय सांगितलं असतं मी?"

"म्हणजे तुझं खोटं उघडं पडू नये म्हणून मी तीन वेळा आतडी ओकले."

"तू खाणं सोडलं असतंस! तूच नव्हतीस का बाबांना..."

"म्हणूनच तर तुला शपथ घातली, मेल्या! मला ठाऊक होतं ते काय असतं. तेवढे दिवस मी घरी राहिले असते. माझ्या बहिणीकडे गेले असते. तोंड शाबूत होतं तेव्हा दोन घास चवीनं खाल्ले असते."

तो खाली बसून रडायला लागला. एवढा बाप्या माणूस. तिचा हात एकदा उचललाही गेला त्याच्या डोक्याकडे, पण तो तिनं मागे घेतला.

"आता तरी खरं सांग. किती दिवस?"

"नवीन वर्ष नक्की बघशील, आई. डॉक्टर म्हणाले."

तिनं त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. बत्तीस वर्षं ओळखीचं ते तोंड, आणि त्यातला एक शब्द खरा की खोटा ते तिला कळेना. मग ती त्या परक्या पोरीकडे वळली. सूरुओ डबीचं झाकण घट्ट धरून भिंतीला चिकटली होती.

"तू सांग गं," युनश्यांग म्हणाली. "तुला माहीत नसेल तर डॉक्टरला इथं बोलाव. आणि ह्याला बाहेर काढ."